रिपीट बघणारी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, रस्ता जरा रुंद होऊन लगेच पुन्हा अंग चोरतो त्या जागी, पत्र्याच्या शेडखाली एक इस्त्रीचं टेबल आहे. टेबलावर जुनी जाड चादर, चादरीवर पांढरं कापड, आणि त्या कापडाच्या मधोमध एक तपकिरी डाग आहे, हुबेहूब इस्त्रीच्या आकाराचा. नवं गिऱ्हाईक आलं की आधी त्या डागाकडं बघतं, मग आपल्या शर्टाकडं, आणि मनातल्या मनात शर्ट परत घेऊन जातं. जुन्या गिऱ्हाइकांना डाग ठाऊक आहे. तो कसा पडला तेही ठाऊक आहे. त्यामुळे ते काही बोलत नाहीत, कपड्यांचं गाठोडं ठेवतात आणि निघतात.

टेबलामागं उभी असते ती बाई. तिला सगळी गल्ली रिपीटमावशी म्हणायची. आता कुणी तोंडावर म्हणत नाही, पण नाव गेलेलं नाही. नाव असं जात नसतं.

तिची पोर पळायची. मैदानाच्या दोन फेऱ्यांची शर्यत असते ना, ती पळायची. ना धड लांबची, ना धड जवळची. पहिली फेरी डोकं शाबूत ठेवून पळायची आणि दुसरी ते गहाण टाकून, असं पोर स्वतःच सांगायची. अंगानं काटकुळी, पाय मात्र लांबच लांब. लहानपणी इस्त्रीच्या कपड्यांची गाठोडी घरोघर पोचवायला तिलाच धाडायचे, कारण ती चालत जायचीच नाही. गरम शर्ट गरमच पोचायचा. गल्लीतले लोक म्हणायचे, पोरगी आहे की टपालाची तार.

पहिल्या मोठ्या शर्यतीला आई मैदानाच्या कडेला उभी होती. पोर सगळ्यांच्या पुढं होती. वळणावर पोरीनं आईकडं पाहिलं, आईनं पोरीकडं पाहिलं, आणि पोर पडली. गुडघा फुटला. कुणीही सांगितलं असतं, की वळणावरची माती सैल होती. आई म्हणाली, "माझी नजर तिच्या पायात आली."

त्यानंतर तिनं पोरीला पळताना कधी पाहिलं नाही. मैदानावर गेली नाही. पुढं पोर मोठ्या स्पर्धांना जायला लागली, शर्यती टीव्हीवर दिसायला लागल्या, तेव्हा टीव्हीकडंही पाठ. सरकारची एक खेळाची वाहिनी होती, राष्ट्रीय वाहिनी. मोठे खेळ मोठ्या कंपन्यांनी केव्हाच उचलून नेले होते. जे बघायला कुणी पैसे मोजत नाही असे सगळे खेळ हिच्या पदरात पडायचे. पळणं, पोहणं, भाला फेकणं, सायकली. घराच्या छपरावर साधी काडी उभी केली की ही वाहिनी दिसायची, फुकट. गल्लीत आमच्या ती जणू घरचीच होती. पोरीची शर्यत असली की सलूनवाला दाढीचा साबण अर्ध्यावर ठेवून टीव्हीचा आवाज वाढवायचा, आणि गिऱ्हाईक एका गालानं शर्यत बघायचं. आख्खी गल्ली तिथं जमायची. आई तेवढी शेडमध्ये, पाठ करून, शर्टाच्या कॉलरवर इस्त्री दाबत उभी. आरडाओरडा उठला तरी मान वळायची नाही.

शर्यत संपली की कुणीतरी येऊन निकाल सांगायचं. मग दुसऱ्या दिवशी दुपारी वाहिनी तीच शर्यत पुन्हा दाखवायची, तेव्हा ती हात पुसत सलूनमध्ये येऊन बसायची. निकाल लागून गेलेला. आता तिच्या नजरेनं काही बिघडणार नव्हतं. मग ती अशी बघायची, की पापणी हलायची नाही.

"काय रिपीटमावशी," सलूनवाला विचारायचा, "आज कोण जिंकणार?"

"जिंकायचं ते कालच जिंकलंय. मी फक्त खात्री करते."

पोरीला हे सगळं ठाऊक होतं. म्हणून तिनं एक खूण काढली होती. शर्यत संपली, धाप जरा बसली, की कॅमेरा जवळ येण्याची वाट बघायची, आणि छातीवर नंबराचं कापड लावलेलं असतं त्यावरून डाव्या हाताचा तळवा सपाट फिरवायची, हळूहळू, जशी इस्त्री फिरवतात तशी. पोर डावखुरी होती, घरी इस्त्रीही डाव्याच हातानं करायची. ही खूण आदल्या दिवशी केलेली असायची आणि ज्या बाईसाठी केली तिला दुसऱ्या दिवशी पोचायची.

ती पोचली की आई म्हणायची, "हं. खांद्याशी चुण्या राहिल्या."

एवढंच. पण ते म्हणताना तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा, आणि मी तो बघितला आहे.

शेवटच्या शर्यतीच्या आधी दोघींचं वाजलं. पोरीचा गुडघा पुन्हा दुखायला लागला होता. रात्री ती उशी पायाखाली घेऊन झोपायची आणि कण्हू नये म्हणून दात दाबायची, ते आईला ऐकू यायचं. जाण्याच्या दिवशी सकाळी आईनं तिचे शर्यतीचे कपडे परीटघडी करून ठेवले, आणि घडी हातात देताना बोलून गेली, "पुरे कर आता. पळून पळून कुठं पोचलीस?"

 तिनं ती घडी घेतली, दोन्ही मुठींत धरून चुरगाळली, आणि पिशवीत कोंबली. दारात गेल्यावर मागं न बघता म्हणाली, "उद्याचं रिपीट बघू नकोस तू. तुझ्यासाठी काही नसेल त्यात."

"नाही बघत," आई म्हणाली.

असं दोघी बोलल्या. घरोघर याहून वाईट बोलतात आणि संध्याकाळी एका ताटात जेवतात.

शर्यत झाली. पोर चौथी आली. सलूनवाला शेडमध्ये येऊन सांगून गेला, "चौथी, मावशी. पण काय पळाली." आईनं मान हलवली आणि इस्त्रीतले निखारे खालीवर केले. खूण केली का, हे तिनं विचारलं नाही. उद्या दिसेलच, असं मनात धरलं. बघणार नाही म्हणाली होती, पण बघणार होतीच की. ते पोरीलाही माहीत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलींची गाडी परतीच्या वाटेवर उलटली. निरोप आला तेव्हा बाई एका पांढऱ्या शर्टाची बाही करत होती. शर्ट तिनं बाजूला घेतला. इस्त्री तिथंच राहिली. कुणाला तरी जळका वास आला तेव्हा ती बाई गल्लीच्या पार टोकाला पोचली होती, अनवाणी.

त्या दुपारी आम्ही सगळे पोरीला पोचवायला गेलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सलूनवाल्यानं घाईत फक्त दार ओढून घेतलं होतं, टीव्ही बंद करायचा राहून गेला. नेहमीच्या वेळेला राष्ट्रीय वाहिनीनं शर्यत पुन्हा दाखवली. रिकाम्या खुर्च्यांपुढं पोर पळाली. दोन्ही फेऱ्या. कुणी बघितलं नाही.

दिवस गेले तशी बाई पुन्हा टेबलापाशी उभी राहायला लागली. बोलणं कमीच. आणि एके दिवशी तिनं सलूनवाल्याला विचारलं, "शर्यत संपल्यावर तिनं खूण केली?"

सलूनवाल्याच्या हातात वस्तरा होता. तो म्हणाला, "केली की, मावशी. मी बघितली ना."

"कशी केली?"

त्यानं वस्तरा खाली ठेवला आणि छातीवरून हात फिरवून दाखवला.

समोरच्या शिवणवालीला विचारलं. ती म्हणाली, "केली गं बाई. हसून केली." आणि तिनंही हात फिरवून दाखवला. पोस्टमनला विचारलं. त्यानं पत्रांचा गठ्ठा काखेत धरून हात फिरवून दाखवला. म्हाताऱ्या मास्तरांना विचारलं, त्यांनी काठी भिंतीला टेकवून तसाच हात फिरवला.

सगळ्यांनी उजवा हात फिरवला.

बाई प्रत्येकाला "बरं" म्हणाली आणि घरी येऊन नवऱ्यापाशी बसली. नवरा दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. शर्यतीच्या वेळी तो रस्त्यावर होता. तिनं त्याला सांगितलं, "लोक चांगले आहेत आपले. कुणीच बघितलेलं नाही."

"म्हणजे केली नसेल?"

"ते कुठं मला ठाऊक. मला बघितलं पाहिजे."

"आता कसं बघणार? झालं ना रिपीट."

"वाहिनीकडं असेल की. राष्ट्रीय वाहिनी आहे, फेकून थोडीच देतात."

पुढं कितीतरी दिवस ती दुपार झाली की सलूनमध्ये येऊन बसायची. वाटायचं, दाखवतील पुन्हा. पोहणं दाखवलं, सायकली दाखवल्या. कुठली तरी जुनी कुस्ती दाखवली. पळणं काही दाखवेनात. मग एक दिवस वाहिनीवर पट्टी फिरली, की येत्या मोसमापासून धावण्याच्या स्पर्धा या वाहिनीवर दिसणार नाहीत, त्यांचे प्रक्षेपणाचे हक्क एका खाजगी कंपनीनं घेतले आहेत. सलूनवाल्यानं पट्टी मोठ्यानं वाचली आणि वाचून झाल्यावर उगाच वाचली असं त्याला झालं.

बाई उठली. शेडमध्ये जाऊन निखारे विझवले. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, सुट्टी टाका."

दोघं मोठ्या शहरात गेली. ड्रायव्हरच्या ओळखीचा दुसरा एक ड्रायव्हर होता, त्याच्या खोलीवर उतरली. राष्ट्रीय वाहिनीची इमारत बाहेरून दवाखान्यासारखी दिसते आणि आतून शाळेसारखी. लांबच लांब व्हरांडा, भिंतीवर जिंकलेल्यांचे फोटो. बाईनं प्रत्येक फोटो पाहिला. चौथ्या आलेल्यांचे फोटो लावत नाहीत.

हक्क विभागाचा साहेब म्हणजे एक प्रौढ, दमलेला माणूस होता. चष्मा कपाळावर ढकलायचा आणि टेबलावर चष्मा शोधायचा. त्यानं दोघांना बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा फोन वाजला तो उचलला नाही. मग म्हणाला, "टेप आहे आमच्याकडं. पण दाखवता येत नाही, बाई."

"का?"

"आमचा हक्क दोन वेळचा. एकदा थेट आणि एकदा रिपीट. दोन्ही वापरून झाले."

"रिपीट दाखवलं तेव्हा आम्ही तिला पोचवायला गेलो होतो, साहेब."

"ते करारात येत नाही हो," साहेब म्हणाला. मग त्यानं आपलेच शब्द ऐकले असावेत, कारण तो खाली बघत राहिला.

"मला टीव्हीवर नको," बाई म्हणाली. "सगळ्यांना दाखवा असं कुठं म्हणते मी. इथंच, एखाद्या कोपऱ्यात."

"बाहेरच्या माणसाला दाखवलं म्हणजे दाखवलंच. माझ्याआधी इथं एक साहेब होते. त्यांनी मेहुण्याला एक सामना दाखवला. मेहुण्यानं नक्कल काढली, ती केबलवाल्याकडं गेली. मोठा बोभाटा झाला. ते साहेब आता जलतरण तलावांवर देखरेख करतात. त्यांना पोहता येत नाही."

ड्रायव्हरला हसू आलं आणि त्यानं ते लगेच गिळलं.

"मग हक्क कुणाकडं आहे?" बाईनं विचारलं.

"कंपनीकडं विचारून बघा. त्यांनी हो म्हटलं तर मला काही अडचण नाही."

कंपनीची इमारत काचेची. दारातून आत जाताना बाईनं पहिल्यांदा स्वतःला आख्खं पाहिलं आणि पदर नीट केला. तिथल्या मुलीचा आवाज फार गोड होता, इतका की ती काय सांगते आहे हे समजायला वेळ लागला. "मावशी, आमचा हक्क नव्या मोसमापासून. जुन्या शर्यती आमच्याकडं नाहीत."

"मग त्यांना सांगा ना, की बाईला दाखवा म्हणून."

"जे आमचं नाही त्याची परवानगी आम्ही कशी देणार? आणि जुनं तर सगळं पुसायचंय. महिनाअखेरपर्यंत. तशी अटच आहे."

"पुसायचंय म्हणजे?"

"टेप कोऱ्या करतात. म्हणजे हक्क संपल्यावर वाहिनीनं गुपचूप काही दाखवायला नको." मुलीनं बाईच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तिचा गोड आवाज कुठल्या कुठं गेला. "तुमचं कोण होतं त्यात?"

बाई तशीच बाहेर आली. फूटपाथवर तिला पुढं चालवेना. नवऱ्यानं दंडाला धरलं. ती म्हणाली, "चित्र आहे त्याला हक्क नाही. हक्क आहे तिच्याकडं चित्र नाही. आणि पोर माझी." मग थोडं चालून गेल्यावर म्हणाली, "आणि आता पुसणार आहेत."

त्यानंतर ती रोज वाहिनीच्या फाटकाशी जाऊन बसायला लागली. बोलायची नाही, रडायची नाही. सकाळी यायची, रखवालदाराच्या चौकीला लागून एक दगडी कट्टा होता त्यावर बसायची. नवरा शेजारी. रखवालदारानं पहिल्या दिवशी हटकलं, दुसऱ्या दिवशी पाणी दिलं. त्याच्या शर्टाची कॉलर एका बाजूला दुमडलेली असायची, ती बघून बाईचे हात शिवशिवायचे. गाड्या आत जायच्या, बाहेर यायच्या. मोठमोठ्या छत्र्या लादलेल्या गाड्या, कुठं कुठं सामने दाखवायला निघालेल्या. साहेबाची गाडी आली की बाई उभी राहायची. साहेब काचेतून बघायचा आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यावर ओढून घ्यायचा.

"चल परत," नवरा एकदा म्हणाला. "मी म्हणतो, केलीच असेल तिनं खूण. रागात बोलली होती, पण मनात काही धरून ठेवणारी पोर होती का ती?"

"तुम्ही पण उजव्या हाताचेच निघालात," बाई म्हणाली.

 तो रस्त्यापलीकडं एक चहाची टपरी होती तिकडं बघत राहिला. महिना संपत आला होता, आणि परत गेल्यावर या बाईचं काय करायचं हे त्याला समजत नव्हतं. खोलीवर ती हल्ली जेवताना मध्येच थांबायची आणि आपलाच हात छातीवर फिरवून बघायची, एकदा डावा, एकदा उजवा. झोपेतही तोंड चालू असायचं. काय म्हणते म्हणून त्यानं कान लावला तर एकच, "कुठं पोचलीस, कुठं पोचलीस." तो टँकर चालवणारा माणूस, घाटात ब्रेक गेला तरी काय करायचं ते त्याला ठाऊक. इथं त्याला काही सुचत नव्हतं.

मग एका दुपारी साहेब स्वतः फाटकापर्यंत चालत आला. कट्ट्यावर बसला नाही, उभाच राहिला, आणि बाईकडं न बघता रस्त्याकडं बघत बोलला.

"आज पुसायला घेतल्या आहेत टेपा. पुसताना एक साक्षीदार लागतो. आमचा नोकर चालत नाही, कंपनीचा चालत नाही. बाहेरचा कुणीही शहाणा माणूस. आम्ही त्या टपरीवाल्याला बोलावतो. तो आतसुद्धा येत नाही, दारात सही ठोकतो आणि रिकामे कप घेऊन जातो."

बाई काही न समजून बघत राहिली.

"नियमानं साक्षीदारानं आधी टेप चालवून बघायची असते," साहेब म्हणाला. "तीच टेप आहे याची खात्री करायला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मग ती त्याच्यासमोर पुसायची. पुसली गेली हेही बघायचं. मग सही." तो थांबला. "आज टपरीवाल्याला बोलावलेलं नाही अजून."

नवऱ्याला आधी समजलं. तो उठून उभा राहिला. "साहेब, म्हणजे तिच्याच हातानं..."

"हो."

"नको," तो बायकोला म्हणाला. "अगं नको. असू दे ती टेप. कुठंतरी आहे, एवढं तरी राहू दे आपल्याला."

"राहणार कुठं आहे?" बाई म्हणाली. "मी नाही बसले तर टपरीवाला बसेल. तो तर बघणार पण नाही."

पदरानं तिनं तोंड पुसलं आणि साहेबाच्या मागून चालायला लागली. आत एकालाच परवानगी. नवरा व्हरांड्यात राहिला, जिंकलेल्यांच्या फोटोंखाली.

टेपांची खोली थंडगार. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर काळ्या टेपा, पुष्कळशा खाली काढून जमिनीवर रचलेल्या. यंत्रापाशी एक बाई स्वेटर घालून बसली होती. तिनं खुर्ची पुढं केली, टेप घातली आणि बटण दाबलं. पडदा उजळला. मैदान, तांबडी पट्टी, पांढऱ्या रेषा. मुली ओळीनं उभ्या.

इस्त्रीवाली बाई गर्रकन भिंतीकडं वळली.

यंत्रावरच्या बाईनं टेप थांबवली. "काय झालं, मावशी?"

"शर्यत संपली आहे ना?" तिनं भिंतीला विचारलं.

"केव्हाच."

"निकाल लागलाय?"

"हो. लागलाय."

"मग बघते." आणि ती वळली.

आधी तिला पोर दिसलीच नाही, चुरगाळलेले कपडे दिसले. सगळ्या मुलींत तेवढेच. छातीवरच्या नंबराला आडवीतिडवी घडी पडलेली, पाठीवर तर पिशवीचा आकारच उठलेला. मग त्या कपड्यांत पोर दिसली. केस घट्ट बांधलेले, ओठ आत ओढलेले. बंदुकीचा बार झाला. पहिली फेरी पोर मधोमध होती, डोकं शाबूत. घंटा वाजली तशी तिनं मान खाली घातली आणि ती पळायला लागली. आईनं तिला असं पळताना आधीही पाहिलं होतं, पण आता तिला दिसत होतं की पोर डावा गुडघा वाचवते आहे, दर पावलाला जरा, इतकं जरा की ज्यानं रात्री कण्हणं ऐकलं नाही त्याला दिसणार नाही. एक मुलगी पुढं गेली, दुसरी गेली. शेवटच्या रेषेशी पोरीनं छाती पुढं फेकली. चौथी.

कॅमेरा जिंकलेलीकडं गेला. ती रडत होती, कुणी तिच्या खांद्यावर कापड टाकत होतं. बाई खुर्चीच्या कडेवर आली. 

मग कॅमेरा हळूच मागं वळला, आणि पोर आली.

ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती. सरळ झाली. तिला कॅमेरा दिसला, दिसला यात काही शंकाच नाही, कारण तिनं सरळ त्यात पाहिलं. नेहमी इथंच हात उचलायची. पोरीनं दोन्ही हात पाठीमागं नेले. एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं. हनुवटी वर करून तोंड फिरवलं, आणि ती पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तशीच चालत गेली. हात मागं बांधून.

 लहानपणी रुसली की ही पोर असेच हात मागं बांधायची, म्हणजे कुणी हाताला धरून ओढून आणू नये. कोळशाच्या पोत्यामागं जाऊन बसायची. कितीही बोलवा, हात सुटायचे नाहीत. जेवणाचा वास आला की सुटायचे.

"गुंडाळून घेते आता," यंत्रावरची बाई म्हणाली. "पुसायच्या आधी मागं न्यावी लागते." आणि थोडं थांबून, दाराकडं बघत, हळूच म्हणाली, "मागं नेताना चित्र दिसतं. बघायचं तर बघा."

टेप उलटी फिरली. पोर पाठमोऱ्या पावलांनी पडद्यात परत आली. फिरवलेलं तोंड वळलं, हनुवटी खाली आली. मागं बांधलेले हात सुटले आणि पुढं आले. मग पोर मागं मागं पळत गेली, वळणावरून, घंटेवरून, सगळ्या मुलींच्या मधून, आणि पुन्हा पांढऱ्या रेषेशी येऊन उभी राहिली, अजून काही झालेलं नाही अशी.

मग यंत्रावरच्या बाईनं दुसरं बटण दाबलं. पडदा काळा झाला. शर्यत जेवढा वेळ चालली होती तेवढाच वेळ तो काळा राहिला, आणि बाई तेवढा वेळ त्याच्यासमोर बसून राहिली, पापणी न हलवता. रिपीट ती तशीच बघायची. शेवटी पुढं केलेल्या कागदावर तिनं सही केली. यंत्रावरच्या बाईला काहीतरी बोलायचं होतं. तिनं स्वेटरच्या बाह्या ओढून घेतल्या आणि पुढची टेप उचलली.

व्हरांड्यात नवरा उभाच होता.

"केली?"

"नाही."

त्यानं डोळे मिटले. ती म्हणाली, "रुसलीय."

"काय?"

"कॅमेऱ्यासमोर येऊन रुसली. मला दिसावं म्हणून."

तो तिच्याकडं बघत राहिला. "हात मागं?"

"मागं."

तेव्हा तो भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला, आणि फोटोंतल्या जिंकलेल्या माणसांखाली तोंडावर टोपी धरून रडला. ती शेजारी बसली. तिनं त्याच्या शर्टाची बाही सारखी केली, बोटांनी दाबून दाबून, जणू तिथं चुणी होती.

"जेवायच्या वेळेपर्यंत आली असती," ती म्हणाली.

दोघं परत आली त्या दिवशी सलूनवाला धावतच शेडपाशी गेला. शिवणवाली मशीन सोडून आली. पोस्टमन सायकल धरून थांबला. कुणाला विचारायचा धीर होईना. शेवटी सलूनवाल्यानंच विचारलं, "दिसलं का, मावशी? केली होती ना खूण?"

बाई इस्त्रीत कोळसे भरत होती. तिनं सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून पाहिलं.

"केली होती," ती म्हणाली. "तुम्ही सांगितली तशीच. उजव्या हातानं."

शिवणवालीनं सुटकेचा श्वास सोडला. पोस्टमननं सायकलवर टांग टाकली. सलूनवाला मात्र घटकाभर तिथंच उभा राहिला, आपल्या उजव्या हाताकडं बघत. आणि बाईनं गाठोड्यातला पहिला शर्ट काढून त्या जळक्या डागावर पसरला.